वडिलांनी सोनाटा मागितला, मुलाने बत्तीस बार दिले

चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं, खर्जाच्या आवाजाचं मोठं वाद्य) आणि पियानोसाठीचे ऑस्ट्रियन संगीतकार आंतोन वेबर्नचे ‘तीन छोटे तुकडे’, ओपस ११ (ओपस म्हणजे त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), आम्ही पहिल्यांदा वाजवून पाहिले तेव्हा गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. तिन्ही तुकडे संपले आणि आधणाला अजून उकळी यायची होती. मित्र गज खाली ठेवत म्हणाला, “अरे, एवढंच?” मीही पान उलटून पाहिलं. एवढंच होतं. पहिला तुकडा नऊ बारचा (बार म्हणजे लिहिलेल्या संगीतातला ठरावीक मात्रांचा एक कप्पा), दुसरा तेरा, तिसरा दहा. सगळे मिळून बत्तीस बार, घड्याळ लावून मोजलं तर जेमतेम अडीच मिनिटं.

मी हौशी पियानोवाला, पुण्यात दिवसा नोकरी करून रात्री वाजवणारा. मित्र मूळचा मडगावचा, पाश्चात्त्य संगीत त्याच्याकडे घरातूनच आलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या ब्राम्सचा ई मायनर सोनाटा (एकदोन वाद्यांसाठीची, अनेक भागांची लांब रचना) आम्ही बरेच दिवस घासत होतो. एका घरगुती मैफलीत तो वाजवायचं ठरलं आणि त्याच्या आधी काहीतरी तोंडी लावायला म्हणून वेबर्न घेतला. पुढचे सहा आठवडे ब्राम्स बाजूला पडला आणि आमची सगळी भांडणं या अडीच मिनिटांवरून झाली.

या रचनेचा उल्लेख होतो तो बहुतेक वेळा तिच्या आकारापुरता. वेबर्नने ठरवून अत्तराची कुपी भरावी तशी ती भरली, असा त्या बोलण्याचा सूर असतो. प्रत्यक्षात छोटं लिहायचं म्हणून तो बसलाच नव्हता. त्याने लिहायला घेतला होता मोठा सोनाटा. त्याचे हे बत्तीस बार कसे झाले, ते मला या रचनेतलं सगळ्यात बोलकं वाटतं.

मागणी

१९१४ साली वेबर्न तीस वर्षांचा होता. लग्न झालेलं, पदरात दोन लहान मुली. थिएटरांमधल्या, वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरच्या नोकऱ्या तो धरायचा आणि सोडायचा. आदल्या वर्षी प्रकृती आणि मन दोन्ही इतकं बिघडलं की व्हिएन्नात मनोविकारतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर यांच्याकडे उपचार घ्यावे लागले. त्याच वर्षी ३१ मार्चला व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये त्याचा गुरू शोनबर्ग याने चालवलेल्या मैफलीत वेबर्नचे वाद्यवृंदाचे तुकडे आणि गुरुबंधू आल्बान बर्गची गाणी वाजली आणि श्रोते हमरीतुमरीवर आले. मैफल अर्धवट थांबवावी लागली. आजही ती ‘राड्याची मैफल’ म्हणूनच ओळखली जाते.

वडील कार्ल फॉन वेबर्न खाण अभियंते, सरकारी खात्यात वर चढलेले. कारिंथिया प्रांतातली प्रेगलहोफ ही घरची शेतीवाडी मुलाने सांभाळावी अशी त्यांची इच्छा होती. मुलगा गेला संगीताकडे, आणि १९१२ मध्ये प्रेगलहोफ विकलं गेलं. अशा बापलेकांमध्ये काय धुमसत असेल ते मराठी घरांत वेगळं समजावून सांगायला नको. तरी चेलो हे दोघांच्या मधलं जिव्हाळ्याचं वाद्य होतं. क्लागेनफुर्टला शाळेत असताना वेबर्न पियानोबरोबर चेलोही शिकला, तिथल्या वाद्यवृंदात बसून वाजवलाही. १८९९ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने चेलो आणि पियानोसाठी दोन संथ, गोड तुकडे लिहिले होते. वडिलांना चेलो ऐकायला फार आवडायचा. १९१४ च्या वसंतात त्यांनी मुलाला सांगितलं, चेलोसाठी काहीतरी लिही. माझा अंदाज असा की त्यांच्या कानात त्या पंधरा वर्षांच्या मुलाचेच तुकडे घोळत असणार.

दुसरा लकडा गुरूचा. आर्नोल्ड शोनबर्ग तेव्हा बर्लिनला राहत होता. १९११ मध्ये त्याने स्वतः पियानोचे सहा छोटे तुकडे लिहिले होते, त्यातला शेवटचा तर नऊच बारचा. पण आता त्याचं मत फिरलं होतं. ही चिमुकली कामं पुरे, मोठं काहीतरी करा, असं तो शिष्यांना बजावू लागला. बर्गला त्याने यावरून चांगलंच झापलं होतं. वेबर्न तर या दुकानाचा पट्टीचा कारागीर. १९१० चे व्हायोलिन-पियानोचे चार तुकडे, मग तारवाद्यांच्या चौकडीच्या बगातेल्स, म्हणजे चिमुकल्या रचना, मग वाद्यवृंदाचे पाच तुकडे, त्यातला चौथा अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो.

मे १९१४ मध्ये वेबर्नने गुरूला पत्रातून कळवलं की चेलो आणि पियानोसाठी एक मोठी रचना हाती घेतोय, वडिलांची तशी इच्छा आहे, आणि या निमित्ताने तुम्ही म्हणता तशा लांब रचनेकडे परत वळता येईल. म्हणजे एकाच कामात पितृऋण आणि गुरुऋण दोन्ही फिटणार होतं.

लांब म्हणजे कशावर लांब?

इथे जरा थांबतो, कारण “मग लिहायचं की लांब, त्यात काय” असा प्रश्न मलाही पडला होता.

आपल्याकडे बडा ख्याल पाऊण तास चालतो तो षड्जाच्या जिवावर. तानपुरा मागे घर धरून बसलेला असतो, म्हणून गायक निषादावर रेंगाळला की आपला जीव टांगणीला लागतो आणि तो षड्जावर उतरला की सुटतो. सम ठरलेली असते, म्हणून समेवर येण्यात गंमत. बढत करायची तर कशापासून लांब जायचं, हे आधी पक्कं हवं. युरोपातल्या सोनाट्यात हे काम मूळ पट्टी करत असे. एका पट्टीत निघायचं, दुसरीकडे जायचं, गुंतायचं, घरी यायचं. ब्राम्सची वीसपंचवीस मिनिटं याच दोरीवर तोललेली असतात.

शोनबर्ग आणि त्याचे शिष्य १९०८-०९ च्या सुमाराला ही दोरी सोडून आले होते. बाराही स्वर सारख्या मानाचे, घर कुणाचंच नाही. आता एखादा स्वर जरा लवकर परत आला तरी कान लगेच त्यालाच षड्ज करायला धावतो. मग पुनरावृत्ती टाळायची. पण पुनरावृत्ती गेली की लांबी कशाने भरायची? वेबर्नने नंतर, १९३२ च्या व्याख्यानात, बगातेल्सच्या काळाबद्दल सांगितलं आहे की बाराही स्वर येऊन गेले की तुकडा संपला असं त्याला वाटायचं. वहीत तो बारा स्वर मांडून ठेवायचा आणि वापरलेला एकेक खोडत जायचा. वाण्याच्या यादीवर काट मारावी तसं. यादी संपली की पिशवी उचलायची.

यातून एक आडवाट होती, शब्दांची. गोष्ट किंवा कविता हाताशी असेल तर पट्टीशिवायही पुढे जाता येतं. शोनबर्गने १९०९ मध्ये ‘एर्वार्टुंग’ या एकपात्री संगीतनाट्यात अर्धा तास तसा ओढला होता. चेलो आणि पियानोला मात्र शब्द कुठले आणायचे?

जून, जुलै

सोनाटाच्या पहिल्या भागाचा बराच मजकूर वेबर्नने लिहून काढला. आणि मग ते बाजूला ठेवून हे तीन तुकडे लिहिले. जुलैमध्ये हस्तलिखित गुरूकडे धाडताना जोडीला माफी होती: पुन्हा इतकं छोटं झालं म्हणून रागावू नका. मोठं काम चालू असतानाच आपल्याला वेगळंच काही लिहायला हवं अशी जाणीव बळावत गेली, आणि ते न लिहिता पुढे रेटलं असतं तर आतलं काहीतरी दाबून टाकल्यासारखं झालं असतं, असा त्याचा खुलासा. २८ जूनला सारायेवोला गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. सोनाटा तसाच राहिला.

त्या सोनाट्याचा कागद वेबर्नचे चरित्रकार हान्स मोल्डेनहाउअर यांना १९६५ मध्ये सापडला आणि १९७० मध्ये छापून आला. तो ऐकला तेव्हा मला हसूच फुटलं. हा ‘मोठ्या’ रचनेचा पहिला भाग दोन मिनिटांच्या आतच संपतो! स्वर मात्र दाटीवाटीने बसलेले, आणि चेलो सतत कशाच्या तरी मागे धावत असल्यासारखा. लेखक हुशार आहे हे कळतं, पण दुसऱ्याने सांगितलेलं काम करतोय हेही कळतं. त्यानंतर लगेच ओपस ११ चा पहिला तुकडा लावला की भरलेल्या खोलीतून गच्चीवर आल्यासारखं वाटतं.

पान जवळून

पहिल्या तुकड्यात चेलोच्या घोडीवर (तारा टेकतात त्या लाकडी आधारावर) म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा छोटा चिमटा, चढवलेला असतो. सुरुवातीच्या दोन-तीन बारमध्येच वादकाला जवळपास प्रत्येक स्वरासाठी वेगळी सूचना आहे: एक हार्मोनिक (तारेला नुसतं बोट लावून काढलेला शिट्टीसारखा स्वर), एक बोटाने छेडायचा, एक घोडीलगत गज नेऊन खरखरीत काढायचा, एक फिंगरबोर्डावर गज सरकवून धुरकट. माझ्या बाजूला पियानोवर दोन स्वर, मग काही नाही, मग एक स्वरगुच्छ. सगळं दबक्या आवाजात.

दुसऱ्या तुकड्यासाठी म्यूट काढायचा. इथे एकदम आरडाओरडा. विसेक सेकंद दोन्ही वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जातात. शांत ऐकायला बसलेल्या माणसाने दचकावं इतका मोठा आवाज आहे, आणि तो तसाच काढायला हवा. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत तो सभ्य करून टाकलाय, ते मला पटत नाही. मग पुन्हा म्यूट, आणि तिसरा. दहा बारचा असला तरी तो मिनिटभर लागतो, कारण लय अतिशय संथ आणि निम्मा वेळ कुणीच वाजवत नाही. स्वरांवर तीन-तीन ‘पी’ टाकलेत, म्हणजे जमेल तितक्या हळू आवाजात, आणि त्यातही चेलोला घोडीलगत. ऐकू आलं की नाही अशा कडेवर ते संपतं.

आमची गाडी अडकली ती सूचनांच्या या गर्दीत. मित्र एकेक सूचना बिनचूक पाळत होता, मी मोजून बरोबर जागी पडत होतो, आणि निघत होती फुटलेली कपबशी. तीन आठवडे हेच. मित्र म्हणायचा तू उशीर करतोस, मी म्हणायचो तुझा छेडलेला स्वर ऐकूच येत नाही. शेवटी एका रात्री वैतागून त्याने म्यूट काढून खिशात घातला आणि म्हणाला, “सगळे चोचले बंद. साध्या गजाने, मोठ्याने, ब्राम्ससारखं वाजव.” तसं वाजवलं आणि दोघेही गप्प झालो. त्या तुकड्यांमधून चक्क एक ओळ होती! वर चढणारी, घुटमळणारी, गायचं म्हटलं तर गळ्यावर घेता येईल अशी. तोवर आम्ही रंग वाजवत होतो आणि ज्यावर तो द्यायचा ते चित्र विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी सूचना परत आणल्या, पण आता छेडलेल्या स्वरानंतरचा गजाचा स्वर त्याच वाक्यातला पुढचा शब्द झाला होता.

नंतर कळलं की हा शोध फारसा आमचा नाही. पियानोवादक पेटर श्टाडलेन यांनी १९३७ मध्ये वेबर्नचे ओपस २७ चे व्हेरिएशन्स पहिल्यांदा वाजवले, तेव्हा तालमी खुद्द वेबर्नने घेतल्या होत्या. तो शेजारी उभा राहून गायचा, हातवारे करायचा, छापील पानावर नसलेलं चढणं-उतरणं मागायचा. श्टाडलेन यांनी त्या खुणांसह ती रचना १९७९ मध्ये छापून आणली. वेबर्न म्हणजे बर्फ, काच, भूमिती असं समजून त्याला वाजवणारी एक मोठी पिढी मधल्या काळात होऊन गेली होती.

ध्वनिमुद्रणांत आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं ते ग्रेगोर पियाटिगोर्स्की आणि चार्ल्स रोझेन यांचं, फ्रेंच संगीतकार आणि कंडक्टर पिअर बुलेझच्या देखरेखीखालच्या आणि १९७८ मध्ये निघालेल्या समग्र वेबर्न संचातलं. पियाटिगोर्स्की जुन्या रशियन वळणाचा, भरघोस आवाजाचा माणूस. त्याच्या हातात हे सूक्ष्म प्रकरण कसं शोभेल अशी शंका होती. झालं उलटंच. त्याचा हळू आवाजसुद्धा मोठ्या छातीतून आलेला वाटतो.

पुढे काय झालं

हे तुकडे लोकांसमोर यायला दहा वर्षं गेली. डिसेंबर १९२४ मध्ये माइन्झला चेलोवर माउरिट्स फ्रांक आणि पियानोवर एदुआर्ड झुकमायर यांनी ते पहिल्यांदा वाजवले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या युनिव्हर्सल एडिशनने ते छापले. ज्यांनी चेलोसाठी लिही म्हणून सांगितलं ते वडील १९१९ मध्येच वारले होते.

खरी किंमत वेगळ्याच ठिकाणी दिसते. वेबर्नच्या ओपसांची यादी समोर ठेवा. ११ नंतर १२ गाणी, १३ गाणी, १४ गाणी, असं १९ पर्यंत सगळं गळ्यासाठी. वाद्यांपुरती रचना पुन्हा ओपस क्रमांक घेऊन येते ती १९२७ मध्ये, ओपस २०, तारवाद्यांची त्रयी. मधली तेरा वर्षं शब्दांच्या काठीने काढली. तोवर शोनबर्गने बारा स्वरांची रांग लावून चालायची पद्धत बसवली होती, वेबर्ननेही ती उचलली होती, आणि पट्टीऐवजी धरायला दुसरी दोरी हाताशी आली होती. म्हणजे जुलै १९१४ ची ती माफी एका रचनेपुरती नव्हती. दहा बारचा तो तिसरा तुकडा लिहून तो एका भिंतीपाशी पोचला होता. याच दिशेने आणखी एक पाऊल टाकलं असतं तर कोरा कागद उरला असता. या तुकड्यांना ‘परिपूर्ण’ म्हणून हार घालणाऱ्यांशी मी म्हणूनच पूर्ण सहमत होत नाही. ते सुंदर आहेत, पण त्यात श्वास कोंडलेला ऐकू येतो, आणि वाजवताना तो लपवू नये.

वेबर्नला स्वतःलाही हे जाणवत असावं. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला त्याच्या रचनांची एक मैफल ठरत होती आणि चेलोचे तुकडे घ्यावेत असं सुचवलं गेलं. त्याने संगीतसमीक्षक विली राइखला कळवलं की ते नकोतच. तुकडे वाईट आहेत म्हणून नव्हे, लोक त्यांचा पार उलटा अर्थ लावतील म्हणून. वाजवणाऱ्यांनाही त्यात काही सापडणार नाही आणि ऐकणाऱ्यांनाही. प्रयोग वाटेल असं काही नको, असं त्याने बजावलं. तेव्हा ऑस्ट्रिया हिटलरच्या जर्मनीत गेलेला, वेबर्नचं संगीत तिथे वाजणं बंद झालेलं. परदेशातली एखादी मैफल हाताशी होती, तिथे ‘हे काय चमत्कारिक’ म्हणून हसं व्हायला नको, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. १५ सप्टेंबर १९४५ ला मिटरसिल गावात, रात्री घराबाहेर सिगार ओढायला आलेला असताना, एका अमेरिकन सैनिकाच्या गोळीने तो गेला.

ते पत्र वाचून मित्र म्हणाला, “बघ, माणूस स्वतः नको म्हणतोय.” एक दिवस आम्ही खरंच बेत रद्द केला. मग ठरलं, वाजवायचे, पण दोनदा. ब्राम्सच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. मध्ये भाषण नाही.

मैफल कोथरूडला एका ओळखीच्या काकूंच्या दिवाणखान्यात होती. वीस-बावीस माणसं, निम्मी ब्राम्स ऐकायला आलेली, उरलेली साबुदाणा वड्यासाठी. मे महिना. सुरू करण्याआधी मित्राने काकूंना सांगितलं की पंखे बंद करावे लागतील. काकूंनी आधी रेग्युलेटर एकवर आणला. मित्र म्हणाला, “नाही हो काकू, पूर्ण.” पंखे थांबले तेव्हा स्वयंपाकघरातला फ्रिज ऐकू येऊ लागला. तोही बंद केला. पहिल्या वेळी तिसऱ्या तुकड्यात खालून स्कूटर गेली आणि शेवटचे दोन स्वर तिने खाल्ले. टाळ्या पडल्या त्या बिचकतच, संपलं की काय या विचाराने. मग पंखे सुरू, ब्राम्स, भरपूर टाळ्या.

दुसऱ्या खेपेला मित्र म्यूट हातात घेऊन बसला. पंखे तसेच फिरत होते, काकू आत वडे तळायला गेलेल्या, आणि पुन्हा कुणाला सांगायचं या संकोचात आम्ही दोघंही एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढच्या रांगेतले एक आजोबा काठी टेकत उठले. बटणं दाबून दोन्ही पंखे बंद केले, स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, आणि परत जागेवर येऊन बसेपर्यंत पाती फिरायची थांबली होती.